इंधन प्रदूषणानंतर सार्वजनिक पेयजलावरील विश्वासाची पुनर्स्थापना : इकालुइट शहराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
नळाचे पाणी पिणारा नागरिक स्वतः पाण्याची तपासणी करीत नाही. तो नगरपालिकेच्या शब्दावर विसंबून असतो. हा शब्द एकदा खोटा ठरला की, पाणी पुन्हा शुद्ध होऊनही लोक ते पीत नाहीत. कॅनडातील नुनावुत प्रदेशाची राजधानी असलेल्या इकालुइट शहरात २०२१ साली घडलेल्या घटनेच्या आधारे हा प्रश्न समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

घटनेचे स्वरूप :
इकालुइट हे सुमारे ७,४०० लोकवस्तीचे, इनुइट बहुसंख्य असलेले शहर आहे. ऑक्टोबर २०२१ च्या आरंभी तेथील रहिवाशांनी पाण्याला इंधनाचा वास येत असल्याच्या तक्रारी केल्या. प्रशासनाने सुरुवातीस पाणी सुरक्षित असल्याचेच सांगितले. मात्र जलशुद्धीकरण केंद्रातील टाकीत इंधनाचे अंश आढळल्याने १२ ऑक्टोबर रोजी आणीबाणी जाहीर करून पाणी न पिण्याचा आदेश देण्यात आला. बाटलीबंद पाणी विमानाने आणावे लागले, लष्कराचे शुद्धीकरण पथक पाचारण करावे लागले आणि अनेकांनी सिल्व्हिया ग्रिनेल नदीचे पाणी भरून नेले. केंद्रालगत जमिनीखाली १९६२ सालची जुनी इंधन टाकी आढळली. हा आदेश १० डिसेंबर रोजी, म्हणजे सुमारे दोन महिन्यांनी, मागे घेण्यात आला.

इंधन प्रदूषणाचे वेगळेपण :
जंतूंमुळे दूषित झालेले पाणी उकळल्याने निर्धोक होते. परंतु इंधनातील हायड्रोकार्बनच्या बाबतीत हा उपाय लागू पडत नाही. त्यातील बाष्पनशील घटक उकळताना घरातील हवेत मिसळतात व श्वासावाटे शरीरात जातात. दुसरे असे की, ही द्रव्ये प्लास्टिकच्या नळांत व टाक्यांत शोषली जाऊन पुढे हळूहळू पाण्यात उतरू शकतात. म्हणून मुख्य टाकी स्वच्छ करणे पुरेसे नसते. वितरण वाहिन्या आणि घरोघरचे नळही पाणी सोडून धुऊन काढावे लागतात. तिसरे म्हणजे, इंधनातील अनेक द्रव्ये अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात. प्रयोगशाळेचा अहवाल मात्र ज्या ठिकाणचा व ज्या वेळचा नमुना घेतला, तेवढ्यापुरताच खरा असतो. त्यामुळे वासाची तक्रार हा पुरावा नसला, तरी ती पूर्वसूचना असते.

विश्वास पुनर्स्थापनेतील अडचणी :
जानेवारी २०२२ मध्ये इकालुइटच्या पाण्यात इंधनाचे अंश पुन्हा जाणवले. या वेळी शुद्धीकरण केंद्र वगळून पाणी पुरविण्यात आले व ते उकळून पिण्यास सांगण्यात आले. ऑक्टोबरमध्ये उकळणे निरुपयोगी होते, जानेवारीत मात्र ते आवश्यक ठरले. शास्त्रीयदृष्ट्या दोन्ही सूचना योग्यच होत्या. तथापि कारण स्पष्ट न केल्यास सामान्य माणसास त्यात विसंगतीच दिसणार. येथे प्रश्न तंत्राचा नसून संवादाचा आहे.

या अनुभवावरून पुढील उपाय सूचित होतात :
१. रहिवाशांच्या तक्रारींची ठिकाण व वेळेसह नोंद घेऊन तेथूनच नमुने घ्यावेत.
२. तपासणी पूर्ण होईपर्यंत ‘पाणी सुरक्षित आहे’ असे न म्हणता ‘तपासणी चालू आहे’ असे सांगावे.
३. नमुन्याचे स्थळ, दिनांक, आढळलेले प्रमाण व मर्यादा ही माहिती लोकांच्या भाषेत प्रसिद्ध करावी. बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेले मार्गदर्शक मूल्य दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. अशा आकड्यांचा अर्थही समजावून द्यावा.
४. हायड्रोकार्बनवर अखंड देखरेख ठेवणारी यंत्रणा बसवावी आणि तिच्या नोंदी खुल्या ठेवाव्यात.
५. स्वतंत्र तज्ज्ञांकडून कारणमीमांसा करून घेऊन आपल्या चुकांसह ती जाहीर करावी.

निष्कर्ष :
पाणी शुद्ध करणे हे अभियंत्याचे काम आहे. पण ते शुद्ध झाले हे लोकांना पटणे प्रशासनाच्या वर्तनावर अवलंबून असते. इकालुइटमध्ये धोका प्रथम रहिवाशांच्या लक्षात आला, प्रशासनाने तो नंतर मान्य केला. मधल्या दिवसांत जे पाणी लोकांनी प्यायले, त्याची भरपाई कोणत्याही अहवालाने होत नाही. म्हणूनच तक्रार करणाऱ्या नागरिकास जलव्यवस्थापनातील पहिला निरीक्षक मानणे, ही विश्वास पुनर्स्थापनेची पहिली अट होय.