आठ सेकंदांच्या आत

मार्च 1986. अमेरिकेत टेक्सासमधल्या टायलर गावच्या कर्करोग रुग्णालयात एक ऑपरेटर बाई रोजच्यासारखी उपचाराची माहिती संगणकात भरत होत्या. यंत्राचं नाव थेरॅक-25. त्यातून इलेक्ट्रॉनचा झोतही देता यायचा आणि क्ष-किरणही. समोरच्या रुग्णाला इलेक्ट्रॉन द्यायचे होते, पण सवयीने बाईंच्या हातून ‘ई’ऐवजी ‘एक्स’ दाबलं गेलं. चूक लगेच लक्षात आली. बाणाच्या बटणाने कर्सर वर नेऊन त्यांनी अक्षर बदललं आणि भराभर एंटर मारत तळाशी आल्या. पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं. उपचार सुरू करताच यंत्र थांबलं आणि संदेश आला, ‘मालफंक्शन 54’. असले संदेश तिथे नेहमीचेच होते. बाईंनी ‘पी’ दाबून उपचार पुढे चालू केला.

आत रुग्णाला विजेचा झटका बसावा तसा मार बसत होता. आतला आवाज बाहेर पोचवणारी यंत्रणा नेमकी त्या दिवशी बंद होती. पाच महिन्यांनी तो रुग्ण दगावला.

कंपनीची माणसं आली, यंत्र तपासून गेली. त्यांना ‘54’ काही केल्या दिसेना. यंत्र पुन्हा कामाला लागलं आणि एप्रिलमध्ये, त्याच बाईंच्या हातून, तेच पुन्हा घडलं.

आता रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ त्या बाईंना घेऊन यंत्रापुढे बसला. कोणतं बटण कशानंतर दाबलं, हे बाईंना आठवत होतं. दोघांनी तोच क्रम पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि अखेर हवा तेव्हा ‘54’ आणता यायला लागला. गोम बाईंच्या वेगात होती. यंत्रातली चुंबकं जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्या वेळात कुणी माहिती दुरुस्त केली, तर पडद्यावर नवी माहिती दिसे, पण प्रोग्रामच्या एका भागाला तिचा पत्ताच नसे. क्ष-किरणांसाठी लागणारा प्रचंड झोत तसाच राही आणि त्याला अडवणारं धातूचं लक्ष्य मात्र मधून बाजूला झालेलं असे. विचार करत सावकाश टाइप करणाऱ्या इंजिनियरला हा बग जन्मात सापडला नसता. तो सापडायला हात बसलेली ऑपरेटरच हवी होती.

याच गोष्टीचं शिकागोतलं शेपूट मला त्याहून अद्भुत वाटतं. तिथल्या विद्यापीठात थेरॅक-20 हे आधीचं मॉडेल होतं. विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली की त्याचे फ्यूज उडायचे आणि मुलं सरावली की थांबायचे. टायलरची बातमी कळल्यावर शोध घेतला, तर तोच बग तिथेही निघाला. जुन्या यंत्रात धोका अडवणारी वेगळी विद्युतयंत्रणा होती, म्हणून निव्वळ फ्यूजवर निभावलं. थेरॅक-25 मध्ये सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवून ती काढून टाकली होती. म्हणजे एकच बग एकीकडे तरबेज हातांना सापडला आणि दुसरीकडे नवशिक्यांच्या धांदलीला!

टेस्टरचं काम नेमकं इथे सुरू होतं. हे दोन्ही हात त्याला स्वतःत आणावे लागतात, तेही ग्राहकाच्या आधी.

रेल्वेच्या तिकिटाचंच घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच पूर्ण ते बाराच्या आतल्याला स्वतंत्र बर्थ नको असेल तर अर्धं. प्रोग्रामर आठ वर्षांचं मूल घालून बघतो, चालतं, खूश होतो. टेस्टर 4, 5, 11 आणि 12 घालतो, कारण ‘पेक्षा कमी’ आणि ‘पर्यंत’ यांतली गफलत फक्त सीमेवरच उघडी पडते. मग विचारतो, आरक्षण केलं तेव्हा अकरा आणि गाडीत बसताना बारा पूर्ण, तर काय? वयाच्या रकान्यात कुणी देवनागरी ‘१२’ टाकलं तर? आणि नाव ‘ज्ञानेश्वर’ असेल तर? आपल्याला ती चार अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती दहा चिन्हं होतात आणि यूटीएफ-8 मध्ये साठवली की तीस बाइट. रकाना वीस बाइटचा असेल तर ‘ज्ञाने’ उरेल आणि पुढे तुटक्या बाइटचा कचरा.

मग सगळंच का तपासत नाहीत? 32 बिटांच्या दोन संख्यांची साधी बेरीज घ्या. सगळ्या जोड्या तपासायच्या तर सेकंदाला शंभर कोटी या वेगानेही सुमारे 585 वर्षं लागतील. म्हणून निवड करावी लागते, आणि खरं कसब निवडीत आहे. काल चालणारं आजही चालतंय का, हे रोज रात्री मशीन तपासू शकतं आणि त्यानेच तपासावं. पण बाराव्या वाढदिवसाचा प्रश्न आधी कुणाला तरी सुचावा लागतो.

‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य हिंजवडीतल्या कुठल्याही मजल्यावर ऐकू येतं. ते खोटं नसतं, आणि पंचाईत तीच आहे. आपणच आखलेल्या वाटेवर प्रोग्रामर सहसा अडखळत नाही. थेरॅक-25 चा प्रोग्राम मुख्यतः एकाच माणसाने लिहिला होता. 1985 ते 1987 या काळात त्या यंत्रावर सहा रुग्णांना किरणांची भयंकर जास्त मात्रा मिळाली. एवढं माहीत असूनही रिलीजची तारीख जवळ आली की पहिली कात्री टेस्टिंगच्या दिवसांवर चालते. हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

वाचकांनाही एक विनंती. एखादं ॲप अडलं तर तक्रारीत नुसतं ‘चालत नाही’ लिहू नका. काय दाबलं, कशानंतर दाबलं, किती घाईत दाबलं आणि पडद्यावर नेमकं काय आलं, तेवढं लिहा.