पाव-इंची रायफलीसाठी गोळी व दारू यांची निवड

वाशिम जिल्ह्याच्या पठारी भागात सोयाबीन, तूर व हरभरा ही पिके घेणाऱ्या शेतकऱ्यास रोही आणि रानडुक्कर या दोन पशूंचा उपद्रव नित्याचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार शिकार निषिद्ध असली, तरी त्याच अधिनियमाच्या ११ व्या कलमान्वये, उभ्या पिकाची हानी करणारा अनुसूची २ मधील पशू मारण्याची अनुज्ञा सक्षम वनाधिकारी लेखी आदेशाने व कारणे नमूद करून देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रोही व रानडुक्कर हे दोन्ही पशू याच अनुसूचीत मोडतात. कारंजा-सोहोळ अभयारण्य ज्याच्यासाठी राखले आहे तो काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत आहे, आणि पिकाच्या हानीसाठी त्याला ही तरतूद लागू होत नाही.

अशी अनुज्ञा मिळाल्यावर झाडलेली गोळी पशूस तत्काळ मारणारी असावी लागते. जखमी रानडुक्कर तुरीच्या दाट ओळींत दडून बसले, तर दुसऱ्या दिवशी कामास आलेल्या मजुरांच्या जिवाशी गाठ पडते; जखमी रोही कित्येक दिवस तडफडून मरतो. म्हणून काडतुसात कोणती गोळी व कोणती दारू असावी हा प्रश्न केवळ हौशी नेमबाजाच्या कुतूहलाचा राहत नाही. पाव-इंची रायफलीच्या बाबतीत तो विशेष उद्बोधक आहे. कारण या रायफलीत गोळी हलकी व वेग अधिक असल्यामुळे निवडीतील चूक चटकन् उघडी पडते.

ज्या रायफलीच्या नळीचा अंतर्व्यास ०.२५० इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर असतो, तिला पाव-इंची म्हणावयाचे. नळीच्या आत कोरलेल्या पिळाच्या खाचांपर्यंत मोजल्यास हाच व्यास ०.२५७ इंच, म्हणजे ६.५३ मिलिमीटर भरतो व गोळीचा व्यासही तेवढाच असतो. पितळी पुंगळी, तिच्या बुडातील टोपी, दारू आणि गोळी हे काडतुसाचे चार घटक होत. रायफलीचा नमुना ठरला की पुंगळी ठरते, आणि टोपीच्या निवडीस फारसा वाव नसतो. उरलेल्या दोहोंपैकी प्रथम गोळी व नंतर दारू निवडावी, हा क्रम युक्त होय. गोळी लक्ष्यावरून ठरते. दारू गोळीवरून ठरते. हा क्रम उलटला म्हणजे काय होते, याचे एक बोलके उदाहरण इतिहासात आहे.

१९१५ साली अमेरिकेतील सॅव्हेज कंपनीने चार्ल्स न्यूटन याच्या रचनेवरून २५०-३००० या नावाचे पाव-इंची काडतूस बाजारात आणले. न्यूटनचा कल १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅम वजनाच्या गोळीकडे होता. परंतु सेकंदास ३००० फूट, म्हणजे ९१४ मीटर, हा वेग जाहिरातीस आकर्षक होता, आणि तत्कालीन दारूने तो साधावयाचा तर गोळी ८७ ग्रेनपर्यंत हलकी करणे भाग होते. तसेच करण्यात आले. हलक्या व आखूड गोळीस पीळही मंद पुरतो. म्हणून नळीस १४ इंचांत एक फेरा असा पीळ देण्यात आला. परिणामी पुढे उत्तम दारू उपलब्ध झाली तरी त्या जुन्या रायफलींत जड व लांब गोळी नीट चालेना. वेगाच्या एका आकड्यासाठी गोळी निवडली गेली आणि त्या गोळीने नळीला कायमचे बांधून टाकले.

यामागील कारण गोळीच्या स्थैर्यात आहे. हवेतून जाणाऱ्या टोकदार गोळीवर हवेचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो व तिला उलटवू पाहतो. फिरत्या भोवऱ्याप्रमाणे स्वतःभोवती वेगाने फिरत असेल तरच गोळी सरळ जाते. गोळी जितकी लांब, तितका पीळ जलद हवा. १८७९ साली ग्रीनहिल याने यासाठी एक सुलभ सूत्र दिले. गोळीच्या व्यासाचा वर्ग करून त्यास स्थिरांकाने गुणावे व पिळाच्या एका फेऱ्याच्या लांबीने भागावे. येणारे उत्तर ही त्या नळीस पेलणाऱ्या गोळीची कमाल लांबी होय. मूळ स्थिरांक १५० असून अधिक वेगासाठी १८० धरण्याचा प्रघात आहे. १४ इंची पिळास या रीतीने सुमारे २१.६ मिलिमीटर, तर १० इंची पिळास सुमारे ३०.२ मिलिमीटर लांबी मिळते. १९३४ साली रेमिंग्टन कंपनीने प्रचारात आणलेल्या २५७ रॉबर्ट्स या काडतुसाच्या, तसेच १९६९ साली तिनेच बाजारात आणलेल्या २५-०६ या काडतुसाच्या रायफलींस सामान्यतः १० इंची पीळ असतो. म्हणून त्यांत ११७ व १२० ग्रेनच्या गोळ्या सुखेनैव चालतात.

येथे वजनाहून लांबीस महत्त्व आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची ८.९ असल्यामुळे त्याच वजनाची शुद्ध तांब्याची गोळी शिसे भरलेल्या गोळीपेक्षा लांब होते. शिशाच्या गोळीचे सूक्ष्म तुकडे पशूच्या मांसात विखुरतात व ते मांस खाणाऱ्या गिधाडादी पक्ष्यांस विषबाधा होते. याच कारणास्तव कॅलिफोर्निया राज्याने २०१९ पासून शिकारीसाठी शिसेरहित गोळी सक्तीची केली. अशी गोळी निवडताना नळीचा पीळ प्रथम तपासणे अगत्याचे ठरते.

गोळीचा दुसरा गुण म्हणजे तिची भेदनशक्ती. पौंडांतील वजनास इंचांतील व्यासाच्या वर्गाने भागले असता जी संख्या मिळते, तीस छेदघनता म्हणता येईल. पाव-इंची गोळीच्या बाबतीत ८७ ग्रेनला ती ०.१८८, १०० ग्रेनला ०.२१६ आणि १२० ग्रेनला ०.२६० येते. रचना समान असेल तर अधिक छेदघनतेची गोळी अधिक खोल जाते. परंतु रचना क्वचितच समान असते. पातळ कवचाची हलकी गोळी अतिवेगाने खांद्याच्या हाडावर आदळली, तर ती वरवरच फुटून मोठी पण उथळ जखम करते. जाड कवचाची, अथवा कवच व शिसे एकमेकांस जखडलेली गोळी आपले बहुतेक वजन टिकवून हृदय-फुप्फुसांपर्यंत पोचते. रानडुकरासाठी दणकट रचनेची १०० ते १२० ग्रेनची गोळी योग्य होय. प्रौढ नर रोह्याचे वजन २०० किलोग्रॅमहून अधिक भरते. त्याच्यासाठी पाव-इंचीतील सर्वांत दणकट व जड गोळीही जेमतेमच म्हणावी लागेल. भारतात परवानाधारकांच्या परिचयाची ०.३१५ बोअरची गोळी सुमारे दुप्पट वजनाची असते. तिचा वेग कमी असला तरी भेदनाच्या दृष्टीने तिची बाजू भक्कम आहे.

आता दारूचा विचार करू. १८८४ साली व्येय याने फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या निर्धूम दारूपासून आजपर्यंत सर्व रायफल-दारूंचा मूलाधार नायट्रोसेल्युलोज हाच आहे. काहींत नायट्रोग्लिसरीनही मिसळलेले असते. दारूचा कण पृष्ठभागापासून आत थराथराने जळतो, आणि जळण्याचा वेग भोवतीच्या दाबाबरोबर वाढतो. म्हणजे दाब वाढला की ज्वलन जलद होते आणि ज्वलन जलद झाले की दाब आणखी वाढतो. या चक्रास आवर घालण्यासाठी उत्पादक कणाचा आकार बदलतात, त्यास छिद्रे ठेवतात व पृष्ठभागावर ज्वलन मंदावणारा लेप देतात. ‘जलद’ आणि ‘मंद’ दारू असा जो भेद केला जातो, तो यांतून उत्पन्न होतो.

या भेदाचे महत्त्व एका गणिताने स्पष्ट होईल. १०० ग्रेनच्या गोळीस सेकंदास ९०० मीटर वेग द्यावयाचा, तर तिला सुमारे २६२० जूल ऊर्जा मिळाली पाहिजे. नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस मिलिमीटर आणि गोळीचा नळीतील प्रवास ५१ सेंटिमीटर धरला, तर या संपूर्ण प्रवासात सरासरी दाब सुमारे १५६ मेगापास्कल असावा लागतो. कमाल दाबास मात्र मर्यादा आहे. अमेरिकन उद्योगमानकांनुसार २५७ रॉबर्ट्ससाठी ती ५४,००० पौंड प्रतिचौरस इंच, म्हणजे सुमारे ३७२ मेगापास्कल, तर २५-०६ साठी ६३,००० पौंड, म्हणजे सुमारे ४३४ मेगापास्कल आहे. तेव्हा दारूच्या निवडीचा खरा प्रश्न असा की, दाबाचे शिखर मर्यादेत ठेवून सरासरी कशी उंचावयाची. जलद दारू गोळी फारशी सरकण्यापूर्वीच शिखर गाठते व पुढे दाब झपाट्याने उतरतो. मंद दारू गोळी पुढे सरकत असतानाही वायू पुरवीत राहते. त्यामुळे शिखर तेवढेच राहून सरासरी वाढते.

परंतु मंदपणालाही सीमा आहे व ती पुंगळीच्या आकारमानावरून ठरते. २५० सॅव्हेजच्या पुंगळीत सुमारे ३ घनसेंटिमीटर जागा असते, तर २५-०६ च्या पुंगळीत सुमारे ४.३. नळीची पोकळी १७ घनसेंटिमीटर धरल्यास पहिल्यातील वायू मूळच्या सुमारे ६.७ पट प्रसरण पावतो, दुसऱ्यातील केवळ ५ पट. लहान पुंगळीत अतिमंद दारू मावतच नाही आणि मावली तरी नळीबाहेर पडेपर्यंत पुरती जळत नाही. म्हणून तिला मध्यम दारू हवी. मोठ्या पुंगळीस व जड गोळीस मंद दारू हवी. त्याच पुंगळीत हलकी गोळी घातली तर किंचित जलद दारू चालते, कारण हलकी गोळी लवकर सरकून वायूस जागा करून देते. दारू गोळीवरून ठरते, या विधानाचा आशय हाच होय.

दारूचा प्रत्यक्ष भार किती, हे मात्र अनुमानाने ठरवावयाचे नसून उत्पादकाने दाब मोजून प्रसिद्ध केलेल्या तक्त्यावरूनच ठरवावयाचे असते. स्थूलमानाने भार एक टक्का वाढला तर वेगही जवळपास तेवढाच वाढतो, पण दाब दोन टक्के वा त्याहून अधिक वाढतो. मोठ्या पुंगळीत मंद दारूचा भार फार कमी करणेही निर्धोक नाही. तशाने रायफली फुटल्याची उदाहरणे नमूद आहेत.

विदर्भात या तक्त्यांचे वाचन आणखी सावधपणे करावे लागते. ते सामान्यतः २१ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तपमानास सिद्ध केलेले असतात. वाशिमचा मे महिना ४० अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीतील पेटी त्याहून पुष्कळ तापते. तापलेली दारू अधिक जलद जळते व दाब चढतो. हा अनुभव जुनाच आहे. कॉर्डाइट ही दारू तपमानास विशेष संवेदनशील असल्यामुळे ब्रिटिश उत्पादक हिंदुस्थान व आफ्रिकेसाठी कमी भाराची काडतुसे वेगळ्या ‘ट्रॉपिकल’ खुणेने विकत असत. अलीकडील काही दारूंत ही संवेदनशीलता बरीच घटवली आहे. आपल्या हवामानात निवडीचा तो एक प्रमुख निकष मानावा.

हे सर्व विवेचन वाचून कोणी घरी काडतुसे भरू लागेल, तर तो कायद्याच्या कचाट्यात सापडेल. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ५ व्या कलमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा अपराध आहे. अमेरिकेत हाताने काडतूस भरणे हा सर्रास घरगुती उद्योग असला, तरी येथे निवड करावयाची ती बहुधा तयार काडतुसांतूनच. तरीही या शास्त्राची उपयुक्तता कमी होत नाही. गोळीचे वजन, तिची रचना, नळीचा पीळ आणि उन्हाळ्यातील दाब यांचा संबंध ज्यास कळला, त्यास बाजारातील काडतूस पारखता येते. अनुज्ञा देणाऱ्या अधिकाऱ्यासही कोणत्या पशूसाठी कोणती रायफल पुरेशी, हे ठरविताना याच ज्ञानाचा आधार घेता येईल.

शेवटी एक मर्यादा उरते, ती कोणत्याही दारूने ओलांडता येत नाही. वेग वाढवून पाव-इंची गोळीचा मार्ग सपाट करता येतो व तिची ऊर्जाही वाढविता येते. तिचे वजन मात्र वाढविता येत नाही. चुकलेली गोळी तीन किलोमीटरहून अधिक दूर जाऊ शकते, आणि वाशिमच्या उघड्या शिवारात तेवढ्या अंतरात एखादे गाव असतेच. यास्तव जेथे पाठीमागे मातीचा उंचवटा आहे, अंतर बेताचे आहे आणि लक्ष्य रानडुक्कर आहे, तेथेच ही रायफल योग्य. समोर रोही असेल, तर अधिक दारूचा शोध घेण्यापेक्षा अधिक जड गोळीची रायफल हाती घेणे हेच शास्त्रास व भूतदयेस धरून होईल.