चंद्र, गळ आणि विष्णुपुरीचं पाणी

पौर्णिमेला समुद्राला भरती येते, तसं धरणाचं पाणीही चढतं आणि मासा वर येतो, असं नांदेडच्या गोदाकाठी गळ टाकून बसलेला कुणीतरी सांगतोच.

विष्णुपुरीच्या जलाशयाला भरती येत नाही. चंद्राची ओढ तिथेही पोचते. पण तिला भरती उठवायला अफाट पसरलेलं पाणी लागतं, धरण त्यापुढे फारच तोकडं. तरी कोळ्यांनी तिथी आणि मासळीचं नातं उगाच जोडलेलं नाही. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात मांडतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, प्रवाह जोरात, म्हणून जाळं भरतं; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी, म्हणून धंदा मंद. हे गणित खाऱ्या पाण्याचं आहे. पंचांग मराठवाड्यात पोचलं, समुद्र नाही.

दुसरी समजूत अशी की पौर्णिमेला सगळाच मासा जास्त लागतो. खोल समुद्रात कित्येक किलोमीटर लांब दोरीला शेकडो-हजारो गळ बांधून कुपा, म्हणजे ट्यूना, आणि तलवार मासा धरतात. या लाँगलाइनचा हिशेब भारतीय मत्स्य सर्वेक्षण शंभर गळांमागे किती मासे लागले असा मांडतं. तलवार मासा नजरेनं शिकार करतो आणि रात्री पृष्ठभागाजवळ येतो. अनेक ठिकाणच्या नोंदींत पौर्णिमेच्या आसपास तो जास्त सापडतो. ट्यूनाचं मात्र सरसकट उत्तर नाही. चांदण्यात भक्ष्य खोल जातं, त्यामागे बिगआय ट्यूनाही खोल उतरतो. तेव्हा चंद्राइतकंच गळ किती खोल सोडले हेही पाहावं लागतं. दिव्यांवर मासे जमवणाऱ्यांना तर अंधारी रात्रच हवी. इथे काम ओढीचं नाही, उजेडाचं आहे.

उजेड तर नांदेडलाही पडतो! म्हणून गोड्या पाण्यात चंद्राचा काहीच संबंध नाही, हे म्हणणंही टिकत नाही. मोझांबिकमधल्या काहोरा बासा या धरणाच्या जलाशयावर ग्लिविच या पोलिश शास्त्रज्ञाने 1986 मध्ये लिहिलेला निबंध यासाठी फार मोलाचा. सूक्ष्म प्राणीप्लवक अंधार पडला की वर येतात. पौर्णिमेनंतरच्या रात्री चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो. प्लवक निर्धास्त वर आलेले असतात आणि अचानक चांदणं पडतं. छोटे मासे तुटून पडतात. दर महिन्याला त्या काळात तिथले प्लवक घटताना ग्लिविच यांना दिसले.

आपल्याकडे पावसाळ्यात आकाश झाकलेलं आणि गोदावरी गढूळ, त्यामुळे चांदणं पाण्यात शिरतंच किती? शिवाय अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देत नाही, जेमतेम दहावा हिस्सा देतो. रोहू-कटला-मृगळ नदीत अंडी घालतात ती पावसाळ्यातल्या पुराच्या पाण्यात. आणि 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी कोणती पौर्णिमा गळाला मासा लावणार होती?

पडताळायचंच असेल तर हिवाळ्यातल्या नितळ पाण्यात, वद्य द्वितीया-तृतीयेच्या रात्री गळ टाकावेत. गळांची संख्या आणि खोली तीच ठेवून चंद्रोदयाआधीचे व नंतरचे मासे वेगळे मोजावेत, आणि रिकामे आलेले गळही वहीत लिहावेत.