टॅपेट गप्प झाले, तर सावध!
जुन्या ‘बीटल’च्या एअरकूल्ड इंजिनातील झडपांची झीज कशी ओळखावी आणि दुरुस्त करावी?

जुन्या मोटारीच्या इंजिनाचा ‘टिकटिक’ आवाज वाढला की मालक धास्तावतो. मात्र, फोक्सवॅगन बीटलच्या बाबतीत खरी धास्ती आवाज थांबला की बाळगायला हवी. झडप, म्हणजेच व्हॉल्व्ह, आणि रॉकर यांच्यातील सूक्ष्म फट आपोआप कमी होत गेली की टॅपेट शांत होते. इंजिन सुधारले, असा समज होतो. प्रत्यक्षात ती झडप तुटण्याची पूर्वसूचना असू शकते.

मेक्सिकोतील पुएब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी अखेरची बीटल तयार झाली, तोवर या मोटारींची संख्या २ कोटी १५ लाखांवर गेली होती. मागच्या बाजूस बसवलेले, समोरासमोर आडव्या चार सिलिंडरचे हे इंजिन पाण्याऐवजी पंख्याच्या हवेने थंड होते. रेडिएटरची कटकट नाही, हा त्याचा गुण. पण हवेच्या मार्गात जरा अडथळा आला तरी त्याची शिक्षा सर्वप्रथम एक्झॉस्ट झडपेला भोगावी लागते.

झडप का जळते?

एक्झॉस्ट झडपेवरून जळालेले तप्त वायू वाहतात. ही उष्णता मुख्यतः झडप बंद असताना तिच्या कडेवाटे हेडमधील सीटमध्ये उतरते. झडपेची दांडी ताणली गेली किंवा सीट खचली, तर झडप वर सरकते आणि फट संपते. मग झडप पूर्ण मिटत नाही, उष्णता बाहेर पडत नाही, कड जळते आणि दांडी अधिकच ताणते. हे दुष्टचक्र अखेर झडपेचे डोके तुटण्यावर थांबते. तुटलेले डोके पिस्टन आणि हेड या दोहोंचा चुराडा करते.

यात बदनाम आहे तो तीन क्रमांकाचा सिलिंडर. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच, या सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत उभा असे. त्यामुळे त्याच्या वाट्याला तापलेली हवा येई. १९७१च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवण्यात आला आणि हा दोष बराच कमी झाला.

निदानाच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी फिलर गेजची. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे. डिस्ट्रिब्युटरचा रोटर एक क्रमांकाच्या खुणेवर आणून त्या सिलिंडरच्या दोन्ही झडपांची फट मोजावी. नंतरच्या १६०० सीसी इंजिनांसाठी ती ०.१५ मिलिमीटर असते. आधीच्या काही इंजिनांचे माप वेगळे असल्याने आपल्या मॉडेलची पुस्तिका पाहावी. मग पुली हाताने उलट दिशेने अर्धा फेरा फिरवत दोन, तीन, चार या क्रमाने मोजणी करावी. साधारण पाच हजार किलोमीटरला हे काम करावे आणि प्रत्येक वेळचे माप वहीत लिहून ठेवावे. सगळ्या झडपांत किरकोळ फरक पडला, तर काळजी नको. मात्र, एकच झडप दर वेळी घट्ट झालेली आढळली, तर ती पुनःपुन्हा सैल करून मोटार चालवत राहणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय.

दुसरी पायरी कॉम्प्रेशन चाचणीची. एकाच सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी असेल, तर दोष तिथे आहे. प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून रिंग की झडप हे ठरवण्याची रीत उभ्या इंजिनात चालते. येथे सिलिंडर आडवा असल्याने तेल सर्वत्र पसरत नाही आणि निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

म्हणून तिसरी पायरी. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरावी. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट झडप, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक झडप आणि तेल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंग दोषी समजावी.

दुरुस्ती कशी?

हेड काढण्यासाठी इंजिन गाडीखाली उतरवावे लागते. हेड निघाल्यावर झडप थोडी उचलून हलवून पाहावी. ती लक्षणीय डुलत असेल, तर गाइड झिजले आहे. नवे गाइड ठोकल्यावर झडपेचा मध्य बदलतो. त्यामुळे सीटही पुन्हा कापून घ्यावी लागते. हे काम यंत्रसामग्री असलेल्या हेडच्या कारागिराकडेच सोपवावे. सीट आणि प्लगचे छिद्र यांच्यामधील भेगाही त्याच वेळी तपासून घ्याव्यात.

एक्झॉस्ट झडपा मात्र नव्याच घालाव्यात. ताणलेली दांडी डोळ्यांना दिसत नाही. शे-दोनशे रुपयांची काटकसर अख्ख्या इंजिनाच्या जिवावर बेतू शकते. झडप पेस्टने घासल्यावर सीटवर सलग करडे वर्तुळ उमटले पाहिजे. मग प्लग लावून हेडच्या खोलगट भागात रॉकेल ओतावे. ते झिरपले नाही, तर बैठक पक्की. हेडच्या नटांना पुस्तिकेतील क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच ताण द्यावा. जाड, म्हणजे १० मिलिमीटरच्या स्टडसाठी तो सुमारे ३.२ किलोग्रॅम-मीटर, तर ८ मिलिमीटरसाठी २.५ असतो. पाचशे किलोमीटरनंतर फट पुन्हा मोजावी.

मूळ कारण शोधले नाही, तर नवी झडपही जळेल. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्टी गायब असेल, तर खालची गरम हवा पुन्हा पंख्यात शिरते. पेट्रोल कमी व हवा जास्त असे मिश्रण किंवा चुकलेले टायमिंगही उष्णता वाढवते. देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याने जुन्या कार्ब्युरेटरमधील मिश्रण आणखी पातळ होते, म्हणून जेट आणि रबरी नळ्या तपासून घेणे अगत्याचे.

पन्नास वर्षांवरील वाहनांना २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते. अट मूळ रूप जपण्याची. ज्यांच्या दारात अशी बीटल उभी आहे, त्यांनी फिलर गेज आणि एक वही जवळ ठेवावी. तिच्यातील एक कमी होत जाणारा आकडा वेळीच दिसला, तर मूळ इंजिन वाचते.