खोट्या बंदुकीचा खरा खर्च

‘‘आई, थोडे पैसे साठले की मी गन अपग्रेड करणार!’’ असं चिरंजीव जेवता जेवता म्हणाले, तर आपल्यापैकी निम्म्याजणींची पोळी तव्यावरच करपेल. गन म्हणजे पडद्यावरची, व्हिडिओ गेममधली, हे कळलं की जीव भांड्यात पडतो खरा. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो, पैसे कुठले? हा दुसरा प्रश्नच महत्त्वाचा. कारण ‘अपग्रेड’ या एका शब्दाखाली दोन अगदी निराळे व्यवहार चालतात, आणि आपल्या घरात यांतला कोणता चालू आहे हे बऱ्याचजणींना ठाऊक नसतं.

पहिला व्यवहार समजून घ्यायचा तर ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ हा खेळ पाहावा. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो २००५ साली आणला. शिंजी मिकामी त्याचे दिग्दर्शक. २०२३ च्या मार्चमध्ये तोच खेळ नव्यानं घडवून पुन्हा बाजारात आला. कथा साधीच आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुलीला पळवून नेलंय, तिला सोडवायला लिऑन केनेडी नावाचा तरुण स्पेनमधल्या एका आडगावात जातो आणि बघतो तो काय, तिथली माणसं माणसांत राहिलेलीच नाहीत! रक्तपात भरपूर. अमेरिकेत हा खेळ १७ वर्षांपुढच्यांसाठी आणि युरोपात १८ पुढच्यांसाठी ठरवलेला आहे, तेव्हा शाळकरी मुलाच्या हाती तो देऊच नये. कॉलेजातला मुलगा, किंवा (हसू नका) घरातले ‘हे’ खेळत असतील, तर गोष्ट वेगळी.

या भयाण मुलखात एक फेरीवाला भेटतो. अंगात लांब डगला, तोंड फडक्यानं झाकलेलं. तो शस्त्रं विकतो, आपल्याला सापडलेल्या चीजवस्तू विकत घेतो आणि आपली बंदूक सुधारूनही देतो. चलन पेसेटा, युरो येण्यापूर्वी स्पेनमध्ये तेच चालायचं. मूळच्या खेळात सुधारणा चार प्रकारच्या: गोळीचा जोर, गोळी झाडण्याचा वेग, पुन्हा गोळ्या भरण्याचा वेग आणि एका वेळी मावणाऱ्या गोळ्यांची संख्या. प्रत्येक पायरीला पैसे मोजायचे, आणि वरच्या पायऱ्या महागच होत जातात. सगळ्या बंदुका सुधाराव्या इतके पैसे सहजासहजी हाती येत नाहीत. म्हणजे महिनाअखेरचा आपलाच प्रश्न की हो! पाच बंदुकांना थोडं थोडं लावायचं, की भरवशाची एकच पुरती सज्ज करायची? मुरलेले खेळाडू बहुधा एखाद-दुसरीच निवडतात आणि बाकीच्यांचा मोह आवरतात.

त्यातही खुब्या आहेत. २००५ च्या खेळात गोळ्यांची संख्या वाढवून घेतली की बंदूक पूर्ण भरून हाती येते, म्हणून जाणता खेळाडू ती आधी रिकामी होऊ देतो. कल्हईला दिलेलं पातेलं कल्हईवाल्यानं दुधानं भरून परत करावं, तसंच हे! सुधारलेली बंदूक पुढे विकायला काढली, तर घातलेले सगळे पैसे वसूल होत नाहीत. सोनं मोडताना घट बसते तशी इथंही बसते. वाटेत एक मौल्यवान पेला सापडतो. तो तसाच विकता येतो, पण त्यात बसणारी तीन रंगांची लसण्या रत्नं मिळेपर्यंत दम धरला, तर सुट्या विक्रीपेक्षा भाव चांगला येतो. आणि ती सामानाची पेटी! आतून चौकटी आखलेल्या. रायफलीला लांबलचक जागा लागते, औषधाच्या वनस्पती कोपऱ्यात खुपसायच्या, काडतुसं आडवी करायची. मोठी पेटी हवी असेल तर तिचेही पैसे. कोकणात निघताना ट्रंक भरणाऱ्या बाईला हे शिकवावं लागणार नाही.

इथपर्यंत सगळा हिशेब खेळातल्या पैशांचा. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये कॅपकॉमनं नव्या खेळासाठी तिकिटं विकायला काढली, तीही खऱ्या पैशांत. प्रत्येक बंदुकीची एक शेवटची खास सुधारणा असते. आधीच्या सगळ्या पायऱ्या पुऱ्या केल्यावर मिळायची ती, तिकीट लावलं की एकदम खुली. खेळातही असं तिकीट मिळतं, पण मेहनतीनं आणि मोजकंच. खेळणाऱ्यांनीच नाकं मुरडली, आणि मला वाटतं बरोबरच केलं. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या खेळात काटकसरीची गंमतच विकायला ठेवायची, म्हणजे काय!

तरी तिथं निदान काय मिळणार ते आधी कळतं. आपल्याकडे घरोघरी मोबाइलवर दिसणारा खेळ म्हणजे बीजीएमआय. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, त्यानंतर २०२१ मध्ये तो या नावानं आला. याच्या मैदानात दुर्बीण, झटका कमी करणारं तोंड, मोठं मॅगझिन असे बंदुकीचे भाग पडलेले सापडतात. ते फुकट असतात आणि डाव संपला की जातात. पैसे लागतात ते बंदुकीच्या ‘स्किन’ला, म्हणजे वरच्या पोशाखाला. बर्फाळ रंगाची बंदूक, तिच्या वाढत जाणाऱ्या पायऱ्या, नवी चमक, नवा दिमाख. गोळीचा जोर मात्र तोच! आणि हा पोशाख पुष्कळदा बंद पेटीतून निघतो. रुपये देऊन ‘यूसी’ नावाचं खेळातलं नाणं घ्यायचं, त्यानं पेटी उघडायची. निघेल ते नशिबानं. लॉटरीच ही. बेल्जियमनं २०१८ साली पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगारात धरलं. आपल्याकडे २०२१ मध्ये हा खेळ आला, तेव्हा १८ वर्षांखालच्या मुलांना खर्चाची मर्यादा घातली होती; पण ती किती? दिवसाला ७,००० रुपये! कितीतरी घरांत महिन्याचा किराणा त्यात येतो.

तेव्हा ‘बंद कर ते!’ म्हणून ओरडण्याआधी मुलाला दोनच गोष्टी विचाराव्या. ही सुधारणा खेळून मिळते की रुपये देऊन? रुपये देऊन असेल, तर काय मिळणार हे आधी ठाऊक असतं का? मुलं याची उत्तरं मोठ्या हौसेनं देतात, आणि उत्तर देता देता पेटीतून आजवर काय काय निघालं नाही, हेही सांगून टाकतात.

फोनचा बंदोबस्त मात्र आपणच करायचा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये दर खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. ‘ह्यां’चं कार्ड मुलाच्या खात्याला जोडून ठेवू नये, यूपीआयचा पिन तर मुळीच सांगू नये. प्ले स्टोअरमध्येच पैशांच्या विभागात ‘बजेट आणि हिस्टरी’ असं एक पान आहे. त्यात प्रत्येक खरेदी तारखेसह दिसते आणि महिन्याचं बजेटही नोंदवून ठेवता येतं. दूधवाल्याचं बिल बघतो त्या दिवशीच तेही पान एकदा उघडावं.