आधी भाकर, मग उपदेश

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून तो तथागतांच्या प्रवचनाला उशिरा व उपाशीपोटी पोहोचला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालावयास सांगितले, मगच धम्म सांगितला. भुकेने व्याकूळ झालेल्याच्या मनात उपदेश ठरत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्यातही हाच विचार दिसतो. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. राहण्याजेवणाची सोय झाली, तरच गरिबाच्या मुलाचे शिक्षण टिकते.

परंतु सर्व गरजा पैशाने भागत नाहीत. विनयपिटकात अतिसाराने आजारी, एकाकी पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदासह स्वतः स्नान घातल्याचा प्रसंग आहे. भिक्खूंनी परस्परांची शुश्रूषा करावी, असे त्यांनी तेव्हा बजावले. हीच खरी स्वयंसेवा.

आपल्या वस्तीतही रुग्णाला दवाखान्यात नेणे, शिधापत्रिकेचा अर्ज भरून देणे, दहावीच्या मुलांचे गणित घेणे ही कामे आहेत. विद्यार्थी मित्रांनो, आठवड्यातून दोन तास द्या. मात्र घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही, एवढे जपा. आज घेणारा उद्या देणारा झाला, तरच समाज स्वतःच्या पायावर उभा राहील.