क्रूसाची वाट आणि दुःखाचा अर्थ

दुःखापेक्षाही माणसाला अधिक छळते ते त्याचे कारण न सापडणे. घरातला कर्ता माणूस ऐन उमेदीत जातो आणि मागे राहिलेले विचारतात, ‘आमच्याच वाट्याला हे का?’ कोणी पूर्वकर्माकडे बोट दाखवतो, कोणी पापाच्या शिक्षेकडे. ख्रिस्ती समाजातही हे दुसरे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. परंतु बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथाने त्यालाच आव्हान दिले आहे.

ईयोब सदाचारी. तरीही त्याची गुरेढोरे, मुले आणि शेवटी आरोग्यही जाते. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र येतात. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसून राहतात. मग ते बोलू लागतात, आणि तिथेच बिघडते. तुझ्या हातून पाप घडलेच असणार, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा. ४२ अध्यायांच्या या ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप होतो तो या धर्मशील मित्रांवर, देवालाच जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे. ‘का’चे उत्तर मात्र ईयोबालाही मिळत नाही.

येशूच्या क्रूसावरही ते उत्तर नाही. तिथे तर तो स्वतःच पित्याला विचारतो, तू माझा त्याग का केलास? ही कथा फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’तून मराठी ओवीत आणली, ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. देव दुःखाचा खुलासा करत नाही, तो स्वतः त्यात उतरतो, हे ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी याच विषयावर एक प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले. त्यामागे केवळ पांडित्य नव्हते. १३ मे १९८१ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि पत्रापूर्वी जेमतेम दीड महिना आधी ते हल्लेखोराला तुरुंगात जाऊन भेटले होते. पत्रात ते ईयोबाची बाजू घेतात: सगळेच दुःख शिक्षा नसते. दुःख सोसणारा ख्रिस्ताच्या यातनांत सहभागी होतो, असे सांगून पत्राच्या उत्तरार्धात ते चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याकडे वळतात. वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसापाशी तो थांबला, जखमा बांधल्या, उताराची सोय केली. दुसऱ्याचे दुःख आपल्यातील प्रेम जागे करते, ही त्या पत्रातील मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू.

ती विसरली की विपर्यास होतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा क्रूस, मुकाट्याने वाहा’ असे सांगणारे आजही भेटतात. टाळता येण्याजोगे दुःख दुसऱ्याच्या माथी मारून त्याला पुण्याचा मुलामा देणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांचीच री ओढणे. येशूने रोग्यांना आजार सोसत राहा असे सांगितले नाही; त्याने त्यांना बरे केले.

उपवासकाळात चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची १४ स्थाने घेतली जातात. पाचव्या स्थानी कुरेनेचा शिमोन येतो. तो भक्तीने पुढे झालेला नाही. शेतावरून परतत असता शिपायांनी त्याला वेठीला धरले आहे. सहाव्या स्थानी व्हेरोनिका येशूचा रक्ताळलेला चेहरा पुसते. चारही शुभवर्तमानांत तिचा उल्लेख नाही. परंपरेने तिला त्या वाटेवर उभे केले आहे.